त्रेपन्न टक्क्यांचा काठ

उताराची एक गंमत असते. पुस्तकात तो सगळ्यात कमी असतो, वरून पाहिला की थोडा वाढतो, आणि आपण मध्यावर पोचलो की उरलेला सगळा एकदम अंगावर येतो. मी शहाद्याच्या ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतो. समोच्च रेषा जवळजवळ आल्या की उतार तीव्र आणि लांबलांब गेल्या की मंद, हे मी इतक्या पोरांकडून घोकून घेतलंय, की झोपेतून उठवून विचारलं तरी ती सांगतील. माझ्या तासाला शिकलेली असल्यामुळे झोपेत सांगणं त्यांना सोपंही जाईल. पण प्रकाशा या आमच्या गावी घरामागून जो काठ तापीत उतरतो, तो मोजावा असं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

वाटलं ते कानबाईमुळे. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, दागिने घालून तिला चौरंगावर बसवायचं, भाऊबंदांनी जमून गव्हाचे जाड रोट खायचे, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी सकाळी घरच्या सुनेनं तिला डोक्यावर घेऊन नदीवर पोचवायचं. आमच्या घरात हा मान शोभावहिनीचा. मी दुडदुडत होतो तेव्हा ती या घरात आली, आणि तेव्हापासून दरवर्षी ती कानबाईला मागच्या दारानं, आमच्याच काठानं खाली घेऊन गेली आहे. गावात पायऱ्यांचा चांगला घाट आहे, तिकडे ती कधी फिरकली नाही.

यंदा तिचे गुडघे गेले. डॉक्टरांनी दिवाळीनंतर ऑपरेशन सांगितलं आणि वहिनीनं जाहीर केलं, की पुढच्या वर्षीपासून मान रुपाचा. रुपा म्हणजे आमची सौ. "यंदा शेवटलं मी लई जासू," वहिनी म्हणाली. त्यावर हिंमतरावदादा, म्हणजे माझे मोठे भाऊ, मागचं दार उघडून काठाकडे बघून आले.

"गवत कंबरएवढं शे," दादा म्हणाले. "पाय कोठे पडस ते दखातबी नही. जनावर निंघनं ते? आपण टेम्पो करसूत नी घाटवर जासूत."

"टेम्पो?" वहिनी म्हणाली. "कानबाईले काय कांदास्नं पोतं समजनात का तुम्ही?"

पण दादा ऐकेनात, आणि वहिनी पुढे भांडली नाही. तीच तर भीतीची गोष्ट होती. ज्या बाईनं मीठ कमी पडलं म्हणून किराणा दुकानदाराशी अर्धा तास भांडावं, ती उठली आणि गहू निवडायला बसली. मला ते बघवलं नाही. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "दादा, मी कापी देसू काठ."

रुपानं चहाचा कप खाली ठेवला. "तुम्ही कव्हय कुंडीमधलं गवत तरी उपटं का?"

माणसाचा निश्चय पक्का व्हायला एवढं पुरतं.

शेजारचे भंवरलालजी हार्डवेअर, पत्रे, दोर आणि रिकामं बारदान असं सगळं विकतात, आणि सल्ला फुकट देतात. त्यांच्या गोडाऊनमध्ये गवत कापायचं एक पेट्रोलवरचं यंत्र पडून होतं. चार चाकं, पोटाखाली पातं, मागे ढकलायला दांडा. तोरणमाळच्या एका हॉटेलवाल्यानं हिरवळीसाठी मागवलं होतं, पुढे हिरवळच आली नाही. "लई जा सर, वापरी देखा," भंवरलालजी म्हणाले. "चालनं ते पैसा, नही चालनं ते मन्ही जाहिरात." त्या यंत्रासोबत एक पुस्तिका होती. गावात ती वाचणारा पहिला माणूस मी होतो, आणि मी ती पहिल्या पानापासून वाचली, हीच चूक झाली असं रुपाचं मत आहे.

पुस्तिकेत लिहिलं होतं, की हे यंत्र पंधरा अंशांपेक्षा जास्त उतारावर चालवू नये. उतारावर नेहमी आडवं चालवावं, वर-खाली चालवू नये. ओल्या गवतावर चालवू नये. पाण्याच्या काठाजवळ चालवू नये. जाड तळाचे बूट घालावेत. श्रावणात तापीच्या काठावर बसून हे वाचताना मला असं वाटायला लागलं, की लिहिणाऱ्यानं आमचं घर पाहिलेलं असावं.

मग मी काठ मोजला. मोजायची पद्धत अगदी सोपी आहे. मीटरभर लांबीची फळी घ्यायची, तिचं एक टोक उताराला टेकवायचं, दुसरं हवेत धरायचं, अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी ठेवून फळी समतल आहे ना बघायचं, आणि हवेतल्या टोकापासून जमिनीपर्यंत टेप सोडायची. फळी दादांनी धरली, बाटली मी धरली आणि टेपपाशी भंवरलालजी. त्रेपन्न सेंटिमीटर भरले. म्हणजे उतार त्रेपन्न टक्के.

तोवर काठावर गर्दी जमली होती. आमच्याकडे कुणी टेप काढली की जमिनीचा वाद आहे असं समजून लोक येतात.

"कितला भरना सर?" कुणीतरी विचारलं.

"त्रेपन्न टक्के."

"म्हंजे सेकंड क्लास. चांगला पास व्हयना आपला काठ."

मी समजावून सांगायला लागलो, की टक्के वेगळे आणि अंश वेगळे. शंभर टक्के उतार म्हणजे उभी भिंत नव्हे, शंभर टक्के म्हणजे फक्त पंचेचाळीस अंश, जेवढं आडवं तेवढंच खाली. हे ऐकून लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. दादा सगळ्यांच्या वतीनं बोलले. "शंभर टक्का म्हंजे भित. शंभरना वर काय ऱ्हास? तू पोऱ्यास्ले असंच शिकाडस का?" माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत मला एवढं उघडं कुणी विचारलं नव्हतं.

त्रेपन्न टक्के म्हणजे अंदाजे अठ्ठावीस अंश. यंत्राची मर्यादा पंधरा. मी पुस्तिका मिटली आणि भंवरलालजींना म्हणालो, की जमणार नाही. पण ते व्यापारी माणूस.

"देखो सर, कंपनी नेहमी आधं लिखस. आपण पंधरा वाचानं नी तीस समजानं. तुमना अठ्ठावीस शे. म्हंजे दोन डिग्री ते उलटी शिल्लक ऱ्हायनी."

त्यांचा हा हिशोब चुकीचा आहे हे मला कळत होतं. पण मागच्या दारात वहिनी उभी होती, आणि दोन अंश शिल्लक आहेत हे ऐकून तिच्या तोंडावर जे आलं ते मला खोडवेना.

कायदेशीर बाजू राहायला नको म्हणून मी ग्रामपंचायतीत गेलो. सरकारी जागेतलं गवत परवानगीशिवाय कापू नये, असं मी पर्यावरणाच्या तासालाही सांगतो. ग्रामसेवक भला माणूस. म्हणाला, काठाचा वरचा भाग गावठाणात येतो, तो तुम्ही खुशाल कापा. खालचा भाग दुसऱ्या खात्याकडे, त्यांचा दाखला आणा. वरचा संपतो कुठे आणि खालचा लागतो कुठे, हे मी विचारलं. म्हणाला, मध्ये हद्दीचा दगड आहे. दगड कुठे आहे? गवतात. मग मी दुसऱ्या खात्यात गेलो. तिथल्या साहेबांनी सांगितलं, की दगडाच्या खालच्या बाजूचा अर्ज असेल तर दगडाचा फोटो जोडावा लागेल. म्हणजे दगड सापडल्याशिवाय गवत कापता येत नव्हतं, आणि गवत कापल्याशिवाय दगड सापडत नव्हता. मी हे घरी आल्यावर दादांना सांगितलं. "कापी टाक," दादा म्हणाले. "दगड लागना का थांबी जाय."

शनिवारी ऊन पडलं. गवत वाळेपर्यंत मी छत्री, पुस्तिका आणि पोलिसात असलेल्या मेव्हण्याचे बूट घेऊन दारात बसून राहिलो. बूट मला एक नंबर मोठे होते, पण तळ जाड होता. यंत्राला दोर बांधला, दोर वरच्या कडुलिंबाच्या खोडाभोवती एक वेढा घालून आणला आणि दुसरं टोक भंवरलालजींच्या हातात दिलं. योजना अशी, की मी यंत्र काठावर आडवं न्यायचं, भंवरलालजींनी दोर हळूहळू सोडायचा, म्हणजे यंत्र घसरणार नाही. खरं सांगतो, पहिला पट्टा सुंदर कापला गेला. वरून टाळ्या पडल्या. मी दमेकरी विद्यार्थ्यासारखा धापा टाकत होतो, पण मान ताठ होती.

दुसऱ्या पट्ट्याला यंत्राची वरची दोन चाकं जमिनीवरून उठू लागली. तिसऱ्या पट्ट्याला त्यातून पांढरा धूर यायला लागला, कारण उतारावर तेल एका बाजूला जातं. हे पुस्तिकेत शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं. वरून सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. कुणी म्हणे सरळ खाली ने, कुणी म्हणे उलटं चालव, एक म्हातारे गृहस्थ नुसतेच "राम राम" म्हणत होते. आणि चौथ्या पट्ट्याला भंवरलालजींच्या खिशात फोन वाजला.

नंदुरबारच्या मिरची बाजारातून व्यापाऱ्याला फोन आला की तो एका हातानं घेत नाही. दोर सुटला. मी दांडा सोडला, कारण पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं, की यंत्र घसरलं तर त्याच्यामागे धावू नये. मला अभिमान आहे की त्या क्षणी मला ते आठवलं. यंत्र गवत चिरत तिरकं खाली गेलं आणि मोठ्या आवाजासह थांबलं. गवतातून ठिणगी उडाली. सगळे धावत खाली गेले, मी मोठ्या बुटांमुळे बसूनच घसरत गेलो.

हद्दीचा दगड सापडला होता. पातं त्याच्यावर आपटून दुमडलं होतं आणि दगडाला खरचटलंसुद्धा नव्हतं. भंवरलालजी फोनवर हात ठेवून म्हणाले, "सर, फोटो काढी ल्या." मी फोटो काढला. तो अर्जाला जोडून पाठवला, आणि त्याचं उत्तर अजून यायचं आहे.

उरलेला काठ मी विळ्यानं कापला. दादा आणि रुपाही उतरायला निघाले होते, पण दादांचं वय आणि रुपाचं बोलणं, दोन्ही मला त्या उतारावर परवडणारं नव्हतं. सुरक्षेसाठी मी तोच दोर माझ्या कमरेला बांधला आणि दुसरं टोक लिंबाला. या वेळी भंवरलालजींना नाही. गावात बातमी पसरली, की सरांना मागच्या दारी लिंबाला बांधून ठेवलंय. माझ्या दोन माजी विद्यार्थ्यांनी विचारपूस केली, की घरात काही झालं का. संध्याकाळ व्हायच्या आत काठ साफ झाला. हाताला फोड आले होते, पण वरून पाहिलं तर काठ ताज्या हजामतीसारखा गुळगुळीत दिसत होता. वहिनी दारात आली, तिनं खालपर्यंत पाहिलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. बावन्न वर्षांच्या प्राध्यापकाची लोकांसमोर कुणी अशी दृष्ट काढत नाही. मला फार बरं वाटलं.

रविवारी कानबाई बसली, रोट झाले, बायकांनी रात्र गाण्यांनी जागवली. सोमवारी सकाळी ढोल वाजला. वहिनीनं नवी साडी नेसून चौरंग डोक्यावर घेतला. पुढे ढोल, मागे साऱ्या जावा-नणंदा, असं सगळं मागच्या दारातून बाहेर आलं. वहिनीनं काठावर पहिलं पाऊल ठेवलं आणि उचललं.

"माय वं!"

कापलेल्या गवताची खुंटं. विळ्यानं तिरकी कापलेली, दाभणासारखी टोकदार, सगळ्या काठावर. पुस्तिकेत बूट होते, कापताना माझ्या पायांत बूट होते, माझ्या डोक्यातही बूटच होते. कानबाईपुढे कुणी चप्पल घालून चालत नाही, ही गोष्ट मी जन्मापासून पाहत आलोय. गवत उभं होतं तेव्हा त्याच्यावरून अनवाणी जाता येत होतं. मी ते कापून ठेवलं होतं.

ढोल थांबला. वहिनीनं दुसरं पाऊल टाकून पाहिलं. डोक्यावरची कानबाई हलली, आणि दादांनी पुढे होऊन तिचा दंड धरला. मग खिशातून फोन काढून टेम्पोवाल्याचा नंबर शोधायला लागले. वहिनी माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग असता तर मी तो निभावला असता. तिला माझीच काळजी वाटत होती, की याला आता किती वाईट वाटेल. मला जमिनीत जावंसं वाटलं.

"बारदान टाकी द्या ना!" भंवरलालजी भिंतीपलीकडून ओरडले. "मन्ही गोडाऊनमा ढीग शे!"

पाचेक मिनिटांत पोती आली. लोक सरळ खाली पोती टाकायला लागले तेव्हा मात्र मी आडवा आलो. "सरळ नको! तिरपी टाका! आडवं जा, मंग वळा, मंग परत आडवं. वाट लांब व्हयनी का उतार कमी व्हस!" माझा आवाज वर्गातला लागला असावा, कारण कुणी वाद घातला नाही. पोती तिरपी पडली, खुंटं त्यांच्यात रुतली आणि पोती जागच्या जागी घट्ट बसली. माझ्या खुंटांनी केलेली एवढीच एक सेवा. वहिनीनं पाऊल ठेवलं, दुसरं ठेवलं. "पाय ऱ्हास," ती म्हणाली. ढोल वाजला आणि कानबाई निघाली.

पहिल्या वळणावर वहिनीला शिंक आली.

पोती नंदुरबारच्या बाजारातून आली होती. त्यांत वर्षभर लाल मिरची होती. भंवरलालजी नंतर शपथेवर सांगत होते, की त्यांनी ती झटकून ठेवली होती. वहिनीमागे रुपा शिंकली, रुपामागे नणंदा, मग ढोलवाला, मग सगळीच मिरवणूक. शिंक आली की जागेवर थांबायचं, कानबाई सांभाळायची, पुन्हा एक पाऊल. मी खालच्या बाजूनं वहिनीचं कोपर धरून होतो आणि माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. कुणीतरी म्हातारी वरून ओरडली, की निघताना शिंक म्हणजे अपशकुन. दादांनी नाक पुसलं. "एक शिंक अपशकुन," ते म्हणाले. "इतल्या शिंकास्ना हिशोब कोन ठेवस? चाला!"

निम्म्यात तळपाय पेटायला लागले. शेवटच्या वळणावरून खाली पोचलो तेव्हा बायकांनी एकदम पाण्याकडे धाव घेतली आणि घोटाभर पाण्यात नाचायला लागल्या. दरवर्षी फुगडीसाठी जावांना हाताला धरून ओढावं लागतं. यंदा कुणाला ओढावं लागलं नाही, आणि फुगडी थांबवायला मात्र वेळ लागला. वहिनी चौरंग डोक्यावर धरून पाण्यात उभी होती, नाक लाल, डोळे लाल, आणि हसत होती. तशी हसताना मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. तिनं स्वतःच्या हातानं कानबाई तापीत सोडली.

मग रीतीप्रमाणे पाटावर नदीची वाळू घेतली. पाट वहिनीनं उचलला, क्षणभर धरला आणि रुपाच्या डोक्यावर ठेवला. रुपानं तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. ढोल वर चढायला लागला, बायका त्याच्यामागे गेल्या. वहिनी एका दगडावर बसली आणि तिनं काठाकडे वर पाहिलं.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "गुडघास्नी जवाब दिधा. मी बठस आठेच."

मी तिच्यापुढे पाठ करून उकिडवा बसलो.

"येडा झायास का? लोके काय म्हंतीन?"

"म्हंतीन, सरनी शेवटला काहीतरी उचलं. चाल, बठ."

बराच वेळ ती नाही नाही म्हणाली. मग तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. ती इतकी हलकी असेल असं मला वाटलं नव्हतं; ही बाई एकटीनं गव्हाचं पोतं हलवताना मी पाहिलेलं आहे. दादा मागून काठी टेकत आधाराला आले. मी तिरपा चढायला लागलो, पोत्यांवरून, आडवं, वळण, पुन्हा आडवं. तळपाय जळत होते. बूट वर घरात होते, आणि ते पायांत असावेत असं मनातही आलं नाही.

"ललित," ती कानाशी म्हणाली, "तू धाकला व्हता तव्हय मी याच काठवरतीन पानी आनू. डोकावर हंडा, कडेवर तू. खाले जाताना रडे, नी वर येताना निजी जाये. घर येस तवलोंग तुन्ही मान मन्हा खांदावर."

मला यातलं काही आठवत नव्हतं. उतार मी इतकी वर्षं शिकवला, आणि पहिल्यांदा तो चढलो ते कुणाच्या कडेवर, हे मला आज कळत होतं. मला खूप वाईटही वाटलं आणि खूप बरंही वाटलं. धाप लागली होती. मी नुसतं "हूं" म्हणालो.

शेवटच्या वळणाला ती काही बोलेना. मी हाक मारली, उत्तर नाही. मग खांद्यावर तिच्या डोक्याचं ओझं पडलं आणि ती हलकं घोरायला लागली. रात्रभर जागली होती. मी पावलं आणखी हळू टाकायला लागलो आणि मागे वळून दादांना हळूच "श्श" केलं.

वर अंगणात ढोल थांबला होता, रुपानं पाट देवघरात नेला होता आणि बायका बादलीत पाय बुडवून बसल्या होत्या. "उतार तिले आते," दादा म्हणाले. "पाठ जाई तुन्ही."

"थांब दादा," मी म्हणालो. "निजनी शे ती."

आणि मी तिला पाठीवर घेऊन तसाच अंगणात उभा राहिलो.